कडी दोन्ही बाजूंनी

वेल्डर नाना टाळ्या वाजवत नसत. शाळेचे संमेलन असो, सभा असो की जत्रेतल्या कुस्त्या, टाळ्या सुरू झाल्या की ते दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसत. पारोळ्यात हे सगळ्यांना ठाऊक होते. चहाच्या टपरीवर कोणीतरी हमखास विचारी, "नाना, हातले वेल्डिंग मारेल शे का?" नाना हसत. हात बाहेर काढत नसत.

मी तेव्हा जळगावच्या एका दैनिकाचा पारोळ्यातला बातमीदार होतो. त्यांच्या दुकानामागच्या खोलीत भाड्याने राहत होतो. नाना खिडक्यांच्या जाळ्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि मुख्यतः फाटके करत. त्यांचे फाटक कडीवरून ओळखू येई. ती आतूनही उघडे आणि बाहेरूनही. गोठ्यासाठी फाटक करायला आलेला एक शेतकरी वैतागून म्हणाला, "नाना, म्हशी काय मधून कडी उघडतीन का?"

"म्हशी नही उघडतीन," नाना म्हणाले. "पन मझार एखादा मानूस ऱ्हायना ते?"

आत माणूस अडकला तर, एवढाच त्यांचा मुद्दा असे. ज्याला पटत नसे, त्याला ते दुसऱ्या दुकानाचा पत्ता सांगत.

कारण मला तुकड्यातुकड्यांनी कळले. इथे ते क्रमाने लिहितो.

दीपनगरला वीज केंद्राच्या कामावर ठेकेदाराच्या हाताखाली नाना वेल्डिंग शिकले आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आखातात गेले. विमानतळावरून नेतानाच कंपनीने पासपोर्ट काढून घेतला. तो मालकाच्या कपाटात राहिला. तीन वर्षे नानांनी पाइप जोडले. मग सुमनचे, त्यांच्या एकुलत्या लेकीचे, लग्न ठरले. रजा मंजूर झाली. पासपोर्ट शनिवारी हातात मिळणार होता.

आदल्या दिवशी, शुक्रवारी, फुटबॉलचा सामना होता. मालक तिथल्या गावातल्या क्लबचा आश्रयदाता. स्टँड भरलेला दिसावा म्हणून कामगारांना बसमधून नेत, डोक्यावर क्लबच्या टोप्या घालत. फोरमनने हात वर केला की टाळ्या वाजवायच्या. सगळे आत गेले की स्टँडचे लोखंडी फाटक बाहेरून लावून घेत. ते सामना संपल्यावरच उघडे.

नानांची ही पहिलीच खेप. मैदानावर फुटबॉल त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्यांनी पाहिल्या होत्या त्या कुस्त्या. त्यांच्या गावच्या फडात रिवाज असा, की बाहेरगावच्या पैलवानाने आपला गडी चीत केला, तरी डाव चोख असेल तर गावाने उठून टाळी द्यायची. न देणारा हलका समजला जाई. "टाळी डावले ऱ्हास, मानूसले नही," हे नानांच्या वडिलांचे वाक्य होते.

त्या दिवशी पाहुण्या संघातल्या एका काटकुळ्या पोराने फार लांबून चेंडू मारला. तो हवेत वळला आणि जाळ्यात गेला. अख्खा स्टँड गप्प झाला. नाना उभे राहिले, टाळ्या वाजवल्या आणि खड्या आवाजात ओरडले, "शाब्बास रे पठ्ठ्या!"

पुढच्या रांगेतल्या मालकाने मागे वळून पाहिले. फोरमनने नानांचा शर्ट ओढून त्यांना खाली बसवले. "नाना, ये क्या किया?"

आपण काय केले हे नानांना तेव्हा कळले. त्यांना बाहेर जायचे होते. ते फाटकापर्यंत गेलेही. कडी पलीकडून होती. अर्धा तास सामना बाकी होता. परत येऊन ते बसले आणि हात मांड्यांखाली घातले.

शनिवारी फोरमन रिकाम्या हाताने आला. "साहब बोले, सीझन खत्म होने के बाद."

"तुम्ही माफी मागितली नाही?" मी विचारले.

"मांगी ना, भाऊ. पन कशानी मांगी, हाई मालेच समजनं नही."

लग्नाच्या दिवशी नाना पाइपलाइनवर वेल्डिंग करत होते. सुमनचे कन्यादान नानांच्या थोरल्या भावाने केले. पुढे आखाजी आली. या सणाला आमच्याकडे लेकी माहेरी येतात. सुमन आली, गल्लीतल्या झोक्यावर बसली, परत गेली. नाना तिकडेच होते. सीझन संपला, दुसरा सुरू झाला. पासपोर्ट मिळाला तेव्हा सुमनचा मुलगा रांगत होता.

या गोष्टीची बातमी करू का, असे मी एकदा विचारले होते. नाना म्हणाले, "आते काय छापतस? मी ते बाहेर शे." हे बोलताना ते दुकानाच्या दारातच बसले होते. आत ते क्वचितच बसत.

त्यांना मी शेवटचे पाहिले ते दीपनगरला. सुमनचे यजमान तिथेच नोकरीला होते आणि कॉलनीच्या फुटबॉल संघात खेळत. माझी बदली तोवर जळगावला झाली होती. सामन्याची बातमी करायला गेलो, तर फाटकाजवळच्या शेवटच्या बाकावर नाना आणि सुमन. मी त्यांच्या शेजारी बसलो.

उत्तरार्धात भुसावळच्या संघाने गोल केला. चेंडू लांबून आला होता, हवेत वळलेला. कॉलनीचे लोक गप्प झाले. नानांचे हात मांड्यांखाली होते. खांदे हलताना मी पाहिले.

सुमन हळूच म्हणाली, "वाजाडा ना, नाना. आठे कोन देखी ऱ्हायनं?"

नाना उठले आणि फाटकातून बाहेर गेले. पाणी प्यायला गेले असावेत, असे आम्हाला वाटले. मग कुंपणापलीकडून, सायकली लावल्या होत्या तिथून, टाळ्या ऐकू आल्या. एका माणसाच्या, सावकाश, बराच वेळ.

थोड्या वेळाने ते परत आले. फाटक त्यांनी मागे उघडेच ठेवले. बाकाच्या कडेला बसले आणि हात पुन्हा मांड्यांखाली घातले.