बाळगोंडाचे मामा

बाळगोंडा यंत्रालासुद्धा अहो-जाहो करायचा. प्रिंटरमध्ये कागद अडकला की त्याच्याजवळ वाकून म्हणायचा, "सावकाश होऊ द्या." सांगलीत हळदीच्या अडत्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या आमच्या ऑफिसात तो माझ्या शेजारी बसे.

आमच्या कामात काही लांबलचक कमांड रोज टाइप कराव्या लागत. त्या दोन शब्दांत चालवणारा छोटा प्रोग्रॅम बाळगोंडानं लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं 'मामा'. 'मामा उठा' टाइप केलं की सर्व्हर सुरू, 'मामा निजा' केलं की बंद.

"नुसतं 'उठ' चालत नाही का?" मी विचारलं.

"आवं मॅडम, आपल्यासाठी राबत्यात ते. एकेरी कसं बोलायचं?"

एकदा नेमाण्णा सॉफ्टवेअर बघायला आले. हळदीचे मोठे अडते, गिऱ्हाईक हातचं जाऊन चालणार नव्हतं. साहेबांनी घाईत 'मामा उठ' टाइप केलं. पडद्यावर उत्तर उमटलं : 'कुनाला म्हनतोस रं?' पुढे काहीच हलेना. साहेबांनी बाळगोंडाकडे असं पाहिलं, की त्याची नोकरी गेलीच असं मी धरून चालले.

नेमाण्णांनी चष्मा सारखा केला. "बराबर हाय त्यांचं," ते म्हणाले. "कुठल्या गावचे मामा?"

"हितलेच," बाळगोंडा म्हणाला.

नेमाण्णांनी सॉफ्टवेअर घेतलं. अट एकच घातली, मामा त्यांच्या दुकानातही पाहिजेत.

वर्षभरात त्यांच्या नातीचं लग्न ठरलं. तिला सख्खा मामा नव्हता. नेमाण्णा ऑफिसात आले, बाळगोंडाच्या लॅपटॉपवर अक्षता ठेवल्या आणि म्हणाले, "मामास्नी घेऊन या. पोरीच्या मागं कुनीतरी उभं ऱ्हायला पायजे."

मला वाटलं, बाळगोंडा हसून टाळेल. तो फेटा बांधून आला. 'मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं' अशी हाक झाली, तसा लॅपटॉप काखेत धरून तो नवरीसोबत बोहल्याकडे निघाला. मांडवात कुणालाच यात वावगं वाटलं नाही. मंगलाष्टकं संपेपर्यंत तो रडत होता. त्याच्या घरी बहीण नव्हती की भाची, हे मला तेव्हा कळलं.

पुढे साहेबांनी नवी पद्धत आणली आणि मामांना काढून टाकलं. बाळगोंडा बंगळूरला गेला. दिवाळीला येतो, तो स्वतःचं गाव मागं टाकून आधी कराडला, नेमाण्णांच्या त्या नातीकडे. गेल्या खेपेला फोनवर मी म्हटलं, "अरे, आई वाट बघत असेल."

"व्हय, जातो की," तो म्हणाला. "पर हिचं पोरगं अजून कुनाकडं जात न्हाई, मॅडम. माझ्याकडं येतंय."