एकोणीस मीटरचा कट्टा

गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं की नाही, हे आमच्या घरात ठरत नाहीये. तोवर मी दिसेल तिथे बसते. मागच्या महिन्यात अंबत्तूरला गेले होते, रिक्षा मिळेना, म्हणून एका कारखान्याच्या कुंपणाला लागून काँक्रीटचा लांबच लांब कट्टा होता त्यावर टेकले. टेकल्यावर ध्यानात आलं, अरे, हा तर माझाच. लांबी एकोणीस मीटर, रुंदी साठ सेंटिमीटर, उंची पंचेचाळीस. आपली चूक अशी टेपने मोजता यावी, वर तिच्यावर बसताही यावं, हे भाग्य किती जणांना मिळतं?

तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते. मूळची सोलापूरची, लग्न होऊन तंजावरी मराठी घरात आलेली, अड्यारला राहणारी. मुलं शाळेत जायला लागल्यावर डिप्लोमावरची धूळ झटकली आणि अंबत्तूरच्या या कारखान्याच्या बांधकामावर एस्टिमेट करायची नोकरी धरली. दोन बस बदलून जायचं, पत्र्याच्या ऑफिसात दिवसभर शिजायचं, दोन बस बदलून परत यायचं. पण तोरा काय विचारता. एक-दीड-तीन, म्हणजे एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी, हे प्रमाण मी कुणी न विचारता सांगत असे. सासूबाई इडलीचे तांदूळ मुठीने मोजत, तर मी त्यांना मापाचं भांडं आणून दिलं होतं. त्यांनी ते तुळशीला पाणी घालायला घेतलं.

कारखान्याचा मोठा स्लॅब एका दिवसात ओतायचा होता. त्याच्याखाली आडवे बारा बीम, उभे आठ. प्रत्येक बीमची लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली, सगळ्याची बेरीज, त्यात स्लॅब मिळवायचा, की झालं. रेडी-मिक्स काँक्रीट तेव्हा शहरात नवीन होतं. फिरत्या पिंपाच्या गाड्या किती मागवायच्या, तो आकडा माझा.

ओतायच्या आदल्या दिवशी मेस्त्री माझ्या टेबलाशी आले. पन्नाशी उलटलेला माणूस, शाळा चौथीपर्यंत, बोलणं कमी. म्हणाले, "अम्मा, दोन बीम जिथे भेटतात, तिथे काँक्रीट एकदाच ओततात ना?"

"एकदाच," मी म्हणाले. आणि त्यांना बिचाऱ्यांना कळावं म्हणून कागदावर फुली काढून समजावून सांगितलं. त्यांनी फुलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, "सेरी, अम्मा", म्हणजे बरं, म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, पहिली गाडी यायच्या आधीच त्यांनी कुंपणाला धरून सुट्या फळ्या उभ्या करून ठेवल्या. कशाला, ते कुणी विचारलं नाही. संध्याकाळी स्लॅब भरला तेव्हा शेवटची गाडी जवळजवळ भरलेलीच होती. काँक्रीट काही परत नेऊन ठेवता येत नाही. मेस्त्रींनी ते त्या फळ्यांमध्ये ओतून घेतलं, वर थापी फिरवली. कट्टा झाला.

साइटचे मोठे इंजिनिअर, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणत असू, त्यांनी मला बोलावून विचारलं, "तुमचा आकडा बरोबर होता?"

"शंभर टक्के, सर."

"मग एवढं उरलं कसं? एक तर हिशेब चुकला, नाहीतर स्लॅब पातळ ओतला." आणि मग हळूच म्हणाले, "फळ्या सकाळपासून लावून ठेवल्या होत्या. उरणार हे त्याला आधीच माहीत होतं."

मला तेव्हाच काही तरी टोचायला हवं होतं. पण मी मान डोलावली. हो, डोलावली. पातळ स्लॅब म्हणजे मेस्त्रीच्या नावाला कायमचा काळिमा, शहरात पुन्हा कुणी काम देणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी. ठरलं असं, की स्लॅब जरा कडक झाला की दहा दिवसांनी चार ठिकाणी भोकं पाडून जाडी बघायची. तोवर मेस्त्रींनी साइटवर यायचं नाही. ते डोक्याचं मुंडासं सोडून, झटकून, खांद्यावर टाकून गेले.

रविवारी घरी सवाष्णी जेवायला होत्या. हॉलच्या दोन भिंतींना धरून केळीची पानं मांडायची होती. मी मोजलं आणि सांगितलं, "ह्या भिंतीला नऊ, त्या भिंतीला सात. सोळा."

सासूबाई खाली बसून वाती वळत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "पंधरा. कोपऱ्याचं पान दोनदा मोजलीस की गे. त्या पानावर दोघी बसणार काय?"

मी पान हातात धरून उभी राहिले. बारा बीम, आठ बीम. शहाण्णव कोपरे.

सवाष्णी जेवल्या, पानं उचलली, भांडी झाली. पाठीचा पार काटा ढिला झाला होता, तरी चार वाजता कागद घेऊन बसले. तीस सेंटिमीटर बाय तीस बाय साठ, असे शहाण्णव ठोकळे मी आडव्या बीममध्ये मोजले होते आणि पुन्हा उभ्या बीममध्येही. पाच घनमीटर आणि वर थोडं. "कळलं का?" म्हणून मेस्त्रींना फुली काढून दाखवणारी बाई मीच.

आता खरं सांगते. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं? गप्प बसावं. भोकं पाडतील, जाडी पुरी निघेल, मेस्त्री आपोआप सुटतील आणि माझा कागद कुणी काढून बघणार नाही. रात्रभर हाच विचार कुशी बदलून बदलून केला.

सोमवारी लवकर गेले आणि आधी कट्टा मोजला. मेस्त्री त्यांची थापी, ओळंबा न्यायला आले होते. लांब उभं राहून बघत होते.

"किती भरला, अम्मा?"

"पाच पूर्णांक तेरा."

"आणि कागदावर किती पाहिजे?"

"पाच अठरा."

"राहिलेलं बुटांना लागलं असेल."

"मेस्त्री, कोपरे मी दोनदा मोजले."

"हां," ते म्हणाले. "गुरुवारी मी विचारलं होतं."

"तेव्हा मी तुम्हाला समजावून सांगितलं."

"फार छान समजावलंत."

मी माफी मागायला लागले तर त्यांनी हात वर करून थांबवलं. "मला कशाला सांगता? मला माहीत आहे. सरांना सांगा. आणि इंग्रजीत नको, तमिळमध्ये सांगा. सगळ्यांना कळू द्या."

माझं तमिळ म्हणजे सोलापुरी चटणी घातलेलं पोंगल. तरीही मजुरांच्या सगळ्या गँगसमोर सांगितलं. कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. सरांनी कागद बघितला आणि म्हणाले, "ठीक आहे, हिशेब मिळाला. भोकं कशाला मग? मेस्त्री, लागा कामाला." झालं तेवढंच. चुकलो म्हणायची पद्धत त्यांच्याकडे नव्हती.

मेस्त्री जागचे हलले नाहीत. "भोकं पाडा, सर."

"अरे, हिशेब मिळाला म्हणतोय ना?"

"अम्मांचा हिशेब मिळाला. स्लॅब माझा आहे."

आणि भोकं पडेपर्यंत ते कामावर आले नाहीत. आठवडाभराची मजुरी बुडवून घरी बसले.

पुढच्या सोमवारी बोटाएवढी चार भोकं पाडली. मेस्त्रींनी स्वतः तार आत सोडली, टेपला लावली आणि सरांना मोठ्याने वाचायला लावलं. चारही वेळा. साडेबारा सेंटिमीटर, पाहिजे तेवढी. चौथ्या वेळी सरांचा आवाज बसला होता. ते खाली गेले. गँग पांगली. मी मात्र तिथेच राहिले, कारण खाली जायचं तोंड नव्हतं.

मेस्त्री उकिडवे बसून भोकांतली धूळ फुंकून काढत होते. "हे आता बुजवायचं," ते म्हणाले. "अम्मा, माल किती लागेल सांगा. नीट मोजा. भोकं एकमेकांना कुठे भेटत नाहीत."

मी कागद काढला नाही. अंदाजाने म्हणाले, "एक घमेलं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग दोन्ही हात जोडून पुढे केले.

"ओंजळभर पुरे," ते म्हणाले.