लांबून आलेला पाहुणा

आमच्या चारकोपच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणारे काका जपानी राक्षसांच्या बाहुल्या जमवतात आणि प्रत्येकीचा व्हिडिओ करतात. बाहुली म्हटलेलं त्यांना खपत नाही, फिगर म्हणायचं. मोबाइल धरायचं काम माझं.

खोका फोडण्याआधी ते समोर नारळ ठेवून मालवणीत गाऱ्हाणं घालतात. "बा देवा महाराजा, ह्यो पावणो जपानसून इलो हा, तेचे हातपाय शाबूत ठेव रे महाराजा." यावर "होय महाराजा" मी म्हणायचं. एकदा खोका उघडला की मात्र पाहुण्याची गय नाही. रंग ओघळलाय, दात बोथट आहेत, शेपटी हलकी आहे, सगळं तोंडावर सांगतात.

गेल्या रविवारी आलेल्या हिरव्या राक्षसाचा गुडघाच ढिला निघाला. कितीदा उभा केला, तरी तोंडावर पडायचा. आता याची वाट लागली, असं मला वाटलं. काकांनी त्याला त्या नारळाला टेकवून बसवलं. पाठीवरच्या काट्यांत अडकलेले थर्माकोलचे दाणे एकेक करून काढले आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "उभा राहत नाही. पण बसतो झकास. दमलाय रे, लांबून आलाय."

"होय महाराजा," माझ्या तोंडून आपसूक निघालं.