सगुणाबाई आणि पडद्यावरचं पापलेट

थळच्या बाजारात सगुणाबाईंकडून मासे घेतले की अपमान वरती फुकट मिळतो. मी तो कित्येक वर्षं नियमाने घेत आलो आहे. त्यांच्या पाटीपुढे उभं राहून सुरमईकडे बोट दाखवलं की बाई आधी आपल्या पिशवीकडे बघतात, मग चपलांकडे, आणि मग समुद्रातल्या खांदेरी किल्ल्याच्या दिशेने कुठेतरी लांब. गिऱ्हाईक सोडून सगळीकडे.

"ताजी आहे ना?" असं एकदा किहीमला बंगला बांधलेल्या एका गृहस्थांनी विचारलं होतं.

"न्हाय. तुमच्यासाठी मागच्या गणपतीपासून जपून ठेवलीय," बाई म्हणाल्या.

गृहस्थांनी दोन घेतल्या.

बाईंना हसताना बाजारात कुणी पाहिलेलं नाही. त्यामागे त्यांचं शास्त्र आहे. जी कोळीण गिऱ्हाइकाला बघून हसते तिचा मासा कालचा असतो. "ताज्या मावऱ्याला हसावं लागत न्हाय," असं त्या म्हणतात, आणि तो मावरा, म्हणजे मासळी, इतक्या तिरस्काराने पिशवीत टाकतात की आपण घरी येईपर्यंत आभार मानत राहतो. तर अशा या बाईंना गेल्या मे महिन्यात एका पापलेटाने हरवायचं ठरवलं. तेही पाण्यातल्या नाही, पडद्यावरच्या.

'गटलू का समंदर' नावाचा एक कॉम्प्युटरवर बनवलेला कौटुंबिक चित्रपट आला होता. तुम्ही पाहिला नसेल तर तुमचं काही अडलेलं नाही. पाहिला असेल तर तुमच्या घरात लहान मूल आहे आणि माझी तुम्हाला सहानुभूती आहे. गटलू हे पापलेटाचं पिल्लू. त्याला पापण्या आहेत, भुवया आहेत आणि दात असे एकसारखे आहेत की दातांचा डॉक्टर हळहळावा. पहिल्या दहा मिनिटांत त्याची आई जाते. असल्या चित्रपटांत आई होणं फार धोक्याचं असतं. मग बाप हरवतो, गटलू शोधायला निघतो, वाटेत गाणी होतात, आणि एक म्हातारं कासव "परिवारच समुद्र आहे" असं तीनदा सांगतं. कुणी मध्येच पॉपकॉर्न आणायला गेलेलं असेल तर त्याची पंचाईत नको.

हे सगळं थिएटरात होतं तोवर सहन करण्यासारखं होतं. लोक पनवेलच्या मॉलमध्ये जायचे, अंधारात रडायचे, घरी येऊन विसरायचे. पण मग चित्रपट घरच्या टीव्हीवर आला. आता गटलूची आई सकाळी दूध-बिस्किटाबरोबर जाऊ लागली, दुपारच्या झोपेआधी पुन्हा जाऊ लागली, आणि पाहुणे आले की त्यांच्यासाठी खास एकदा. त्यापाठोपाठ गटलूचं दप्तर, गटलूची बाटली, गटलूची उशी. एवढं मार्केट तर खऱ्या पापलेटालाही कधी मिळालं नव्हतं.

मे महिन्यात सगुणाबाईंची नात अमिषा आईबरोबर कामोठ्याहून आली. वय सहा. बाईंना नात एकच, आणि ती वर्षातून एकदाच राहायला येते. पहिल्या दिवशी तिच्या ताटात बाजारातलं सगळ्यात मोठं पापलेट पडायचं, हा त्या घरचा रिवाज. त्यासाठी बाईंनी एक नंबरी पापलेट बाजूला काढलं, गिऱ्हाइकांना दाखवलंसुद्धा नाही. तळलं. ताटात वाढलं.

अमिषाने ताटाकडे बघितलं आणि भोकाड पसरलं. "हा गटलू आहे!"

इथवर ठीक होतं. पण बाई तिला समजवायला उठल्या तर पोरगी आईच्या मागे लपली. कारण गटलूला पकडणारी दुष्ट बाई, काटेरी मावशी, हिच्या नाकात मोठी नथ आणि हातात कोयता. सगुणाबाईंच्या नाकात नथ होतीच. दुसरं पापलेट कापायला घेतलेला कोयताही हातात होता.

"आजी काटेरी मावशी आहे," अमिषाने जाहीर केलं.

त्यानंतर ती आजीच्या जवळ येईना. बाई एका दाराने आत आल्या की ही दुसऱ्या दाराने बाहेर. जेवायला रोज वरणभात.

"कोळ्याच्या घरात वरणभात, भाऊ!" बाई मला बाजारात म्हणाल्या. आवाज इतका खाली मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. एरवी तो कारखान्याच्या भोंग्याला मागे टाकतो. "शेजारी इचारतात, घरी कोन आजारी हाय का? काय सांगू? पोर मना घाबरते. मना!" त्या दिवशी त्यांनी मला चक्क कोलंबी वर घातली. तेव्हा मला प्रकरणाचं गांभीर्य कळलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी ठरवलं. "त्या गटलूला एकदा बगायचा हाय. आन् भाऊ, तुमी या. तुमाला हिंदी समजतं."

दुपारी बाजार उठल्यावर आम्ही त्यांच्या घरी टीव्हीपुढे बसलो. बाई पाटावर, सून सुचिता सोफ्यावर, मी खुर्चीत. अमिषा दाराच्या चौकटीत, पळायच्या तयारीने. पण रिमोट तिच्याच हातात होता, कारण तो चालवणं दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं.

गटलू पडद्यावर आला.

"थांबव!" बाई ओरडल्या. चित्र थांबलं. बाई टीव्हीच्या काचेपर्यंत गेल्या. "कल्ले बग याचे. पांढरे फटक. दोन दिवसांचा हाय."

"तो जिवंत आहे!" अमिषा दारातून किंचाळली.

"जिवंत? मी फुकट न्हेणार न्हाय याला. चालव."

गटलूची शाळा लागली. "थांबव! पापलेट, सुरमई नि कुर्ली एका बाकावर? सुरमईनं शाळा सुटायच्या आधी सगळा वर्ग खाल्ला असता. मास्तर धरून."

"आई, पिक्चर आहे तो," सुचिता म्हणाली.

"मग पिक्चरवाल्यानं बंदरावर येऊन एकदा बगायचा होता. चालव."

मग जाळं आलं. "थांबव! याला जाळं म्हणतात? यातून होडी निघून जाईल." दर दोन मिनिटांनी असं चालू झालं. थिएटरात बाईंना कुणीतरी बाहेर काढलं असतं. घरी काढणार कोण? एवढा मात्र त्या घरच्या टीव्हीचा गुण मी मान्य करतो. अमिषा "थांबव"ची वाट बघायला लागली होती. दारातून ती खांबापाशी आली, खांबापासून सोफ्यापाशी.

आणि काटेरी मावशी आली. नथ, कोयता, सगळं जसंच्या तसं. सुचिताने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. मावशी कोयता परजत गडगडाटी हसली. पुन्हा हसली. प्रत्येक वाक्याला हसत राहिली.

बाईंनी तिचे सगळे दात नीट बघून घेतले. मग म्हणाल्या, "थांबव." या वेळी ओरडल्या नाहीत. "ही हसते कशाला गो सारखी?"

"ती दुष्ट आहे," अमिषा म्हणाली.

"दुष्ट न्हाय. हिचा मावरा शिळा हाय. ताजा असता तर हसली असती? मी हसते का बाजारात?"

अमिषाने विचार केला. तिने आजीला पाटीमागे बसलेलं अनेकदा पाहिलं होतं. तिने माझ्याकडे साक्षीदार म्हणून बघितलं.

"कधीच नाही," मी म्हणालो. एवढी निर्विवाद साक्ष मी आयुष्यात कधी दिली नसेल.

"म्हणजे तू काटेरी मावशी नाहीस?"

"तिच्यासारखी दात काडत बसले असते तर तुजा बाप शिकला असता का?"

हे अमिषाला का पटलं ते मला माहीत नाही, पण पटलं. उरलेला चित्रपट तिने आजीच्या मांडीत बसून बघितला. कासवाचा उपदेश आला तेव्हा दोघी मिळून "थांबव" ओरडल्या.

संपल्यावर बाईंनी बोटांवर हिशेब केला. "पापलेट झाला, सुरमई झाली, कुर्ली, कोलंबी, माकुलपन हाय. बोंबील कुठं हाय?"

"बोंबील नाहीये," अमिषा म्हणाली.

"न्हाय?" बाई ताठ उभ्या राहिल्या. "का? दिसायला बरा न्हाय म्हणून? रायगडात सगळ्यांचं पोट भरतो तो, आन् पिक्चरमदे घेताना तोंड बगतात?"

बोंबलाच्या बाजूने त्या आणखी बरंच बोलल्या. अमिषा मात्र वेगळ्याच विचारात होती.

"आजी," ती म्हणाली, "मग बोंबील चालेल."

संध्याकाळी त्या घरातून तळलेल्या बोंबलाचा वास अख्ख्या आळीत पसरला. शेजाऱ्यांची चौकशी बंद झाली. अमिषा सुट्टीभर बोंबील खात राहिली, आजीच्या शेजारी बसून.

ती कामोठ्याला परत गेल्यावर मी बाजारात गेलो. बाईंनी नेहमीप्रमाणे माझ्या चपलांकडे तुच्छतेने बघितलं. मला बरं वाटलं. पण पिशवी भरता भरता त्या जवळ वाकल्या.

"भाऊ, टीव्हीवर सांगतात, त्या गटलूचा दुसरा भाग येनार. नवीन दोस्त येनारेत म्हणे त्याचे. तुमची पिक्चरवाल्यांत ओळख हाय का कुनाशी?"

"का हो?"

"त्यांना सांगा, बोंबलाला घेऊ नका. लय वाईट तोंड हाय त्याचं."