पावशेर सरांची लायब्ररी

पावशेर सर एक ओळ लिहायच्या आधी जुनी एक ओळ खोडायचे. अकोल्याच्या कॉलेजात ते आम्हाला प्रोग्रामिंग शिकवत आणि घरी, व्हिडिओ गेम बनवणाऱ्यांसाठी एक चिमुकली लायब्ररी लिहीत. चित्र हलवायचं, आवाज वाजवायचा, दोन गोष्टी आदळल्या की कळवायचं, एवढाच तयार कोड तिच्यात. बाकी गेम ज्याचा त्याने रचावा. कुठले कुठले हौशी लोक ती फुकट वापरत. ती इतकी हलकी, म्हणून आम्ही पोरींनी सरांना 'पावशेर' हे नाव ठेवलं. त्यांना ते ठाऊक होतं आणि, माझा संशय आहे, आवडतही होतं.

"जेवढं माह्या डोक्यात मावते तेवढंच ठेवाचं," ते म्हणत. "जे पाहून मले आठवत नाही, तो कचरा हाय." एकदा मी आठवडाभर खपून सावल्या पाडण्याचा कोड लिहून नेला. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, काकूंना माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला, आणि सगळा खोडला. मी रडायलाच लागले. "रडू नको वं पोरी. चांगला हाय, पन जड हाय."

पुढे मला अमरावतीत नोकरी लागली. तेव्हा लायब्ररीत बदल करायचा आणि कुणाला आत घ्यायचं ते ठरवायचा अधिकार त्यांनी मलाही दिला. तो मी कधी वापरला नाही. सरांच्या कोडला हात लावायची माझी काय टाप!

गेल्या वर्षी लायब्ररी आणखी हलकी होऊ लागली. आधी एक फंक्शन, म्हणजे एका कामाचा कोड, गेलं, मग तीन. लोक वाहवा करत होते. मी फोन केला, तर म्हणाले, "आठवून नाही राहिलं, म्हनून काढलं."

रविवारी मूर्तिजापूरमार्गे अकोला गाठलं. काकूंनी दारातच हळू आवाजात डॉक्टरांचं निदान सांगितलं. आत सर स्क्रीनसमोर होते. टक्कर ओळखणारा कोड निवडलेला आणि बोट डिलीटवर. तो गेला असता तर नवी आवृत्ती घेणाऱ्या प्रत्येकाचा गेम बंद पडला असता.

"हे कोनं लिवलं वं?"

"तुम्हीच, सर."

त्यांनी बोट मागे घेतलं. "मले भेव लागून राहिलं, पोरी," ते म्हणाले. मलाही लागलं होतं.

घरी येऊन मी काढलेला कोड परत घातला आणि सरांचा प्रवेश बंद केला. त्यांना न विचारता. दुसऱ्या सकाळी नऊला फोन वाजला.

"पोरी, लायब्ररी मले आत घेऊन नाही राहिली. माह्याकून काई बिघडलं काय?"

"नाही सर, सर्व्हर बंद आहे. उद्या सुरू होईल."

मग रोज नऊला तोच प्रश्न आणि माझं तेच खोटं. कधीतरी ते पकडतील, या धास्तीने माझा चहा निवून जायचा.

काल फोन आला नाही. दहापर्यंत कसाबसा धीर धरला, मग मीच लावला. त्यांनी उचलताच मी घाईघाईने म्हणाले, "सर, सुरू झालं बरं का आता!"

"अरे वा, चांगलं झालं," सर अगदी अदबीने म्हणाले. "तुमचं काय बंद पडलं होतं, बाई?"