खापरपणजोबांच्या पत्रातला पूर्णविराम

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की टिंगल करणाऱ्यांत मी पहिला. नाशिकचा मेकॅनिकल इंजिनिअर, मीटरवर दिसेल तेच खरं मानणारा. पण हे लिहितानाही अंगावर काटा येतोय...

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी कुवेतला, मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत शटडाऊनच्या कामावर होतो. तेव्हा आमच्या गावात सत्तावन्नच्या बंडाचं स्मारक होणार होतं आणि त्यातून खापरपणजोबांचंच नाव वगळलं होतं! गावोगावची माणसं जमवून ते इंग्रजांशी लढले होते. पण वरिष्ठांना लिहिलेल्या त्यांच्या मोडी पत्राचं एकच पान उरलेलं, आणि जाणकारांनी त्याची शेवटची ओळ लावली होती – ‘शिपाई टाकून आलो. नाही इलाज होता.’ बाबांनी हाय खाल्ली. घराबाहेर पडेनात. मला पत्राची झेरॉक्स पाठवली, जणू मी वाळवंटात बसून मोडी शिकणार होतो.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी केबिनमध्ये ती झेरॉक्स बघत होतो. समोर क्रेनला माल बांधणारा आमचा रिगर, मालवणचा सीताराम, डबा खात होता. टेबलावर माझी वॉकी-टॉकी – तिची बॅटरी काढून पलीकडे चार्जरला लावलेली. ती एकदम खरखरली आणि खणखणीत आवाज आला, “शिपाई टाकून आलो नाही.” मग जरा थांबून, “इलाज होता. भिल्लांचे वाटेने खाली उतरविले.”

सीतारामचा घास हातातच राहिला. “साहेब, ह्यो कोण बोललो? आपल्यातलो दिसता.”

“सीताराम, हिच्यात बॅटरी नाहीये.”

आणि माझी ट्यूब पेटली! मोडीत पूर्णविराम नसतो हो! वाचणारे एक शब्द आधीच थांबले होते. मी धावत फोन गाठला.

“बाबा, ‘नाही’नंतर थांबायचं! दुसरं पान शोधा!”

“तुला कुणी सांगितलं?”

“आधी शोधा.”

पंधरा दिवसांनी ते चुलत्यांच्या ट्रंकेत सापडलं. सुरुवातच होती – ‘भिल्लांचे वाटेने खाली उतरविले’. गावाने स्मारकावर त्यांचं नाव घेतलं. मग मी बाबांना फोनवर सगळं सांगितलं.

“परत बोलले,” ते म्हणाले, “तर सांग त्यांना, पत्र पोचलं म्हणून.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वॉकी-टॉकीतली बॅटरी मुद्दाम काढली आणि बटण दाबून बाबांचा निरोप दिला.