फटफटीचे चार बोल्ट

सन १९५९, मार्चअखेर. शिमगा संपून उन्हाळा लागला होता. तेव्हापासून वर्षभर परळच्या आमच्या चाळीत जे घडले, त्याचे किस्से मी मुद्दाम जमवले नाहीत. रिकाम्या डब्यांसारखे ते आपोआप साठत गेले; उपयोग नाही आणि टाकवतही नाहीत.

कॉटन ग्रीनच्या गोदामात गंजत पडलेली एक जुनी विलायती फटफटी आमच्या यांनी हौसेने घरी आणली. दुरुस्तीला दोन मित्र : गिरणीतले टर्नर सावंत आणि फिटर पेडणेकर. मी मॅट्रिक, अक्षर वळणदार. म्हणून यादीचे काम माझ्याकडे. फ्रेमचा कोणता बोल्ट कुठल्या भोकातला, हे लिहून प्रत्येकाला मी दोऱ्याने चिठ्ठी बांधली. दुसऱ्याच दिवशी सावंतांनी सगळे बोल्ट चिठ्ठ्यांसकट रॉकेलच्या डब्यात बुडवले!

"वैनी, ह्यां बघा, कशे लख्ख झाले!"

चिठ्ठ्याही लख्ख झाल्या होत्या.

* * *

इंजिन फ्रेमला धरून ठेवणारे चार बोल्ट झिजले होते. पेडणेकरांनी भंगारातून मागाचे बोल्ट आणले. आटे जुळेनात, तेव्हा हातोडी घेतली. मी हरकत घेतली.

"अहो वहिनी, ज्यावर अख्खा माग चालतो, त्यावर फटफटी नाही चालणार?"

"भावजी, माग रस्त्याने धावत नाही."

हे म्हणाले, "तू चहा टाक."

* * *

फटफटीबरोबर आलेले इंग्रजी पुस्तक तिघांपैकी कुणी उघडलेच नव्हते. ते मी वाचले आणि सुचवले की, बोल्ट नवे पोलादी करावेत, टोकाला भोक पाडून पिन घालावी. म्हणजे हादऱ्याने नट सुटणार नाही.

"पिना? तुमच्या अंबाड्यातल्या देता का?" पेडणेकर म्हणाले. तिघेही हसले!

सावंतांनी बोल्ट नवे केले, पिनेवाचून. वर पॉलिशच्या चाकावर घासून इतके चकचकीत केले की, डोक्यांचे कोपरेच गेले.

"वैनी, तोंड बघा ह्यात!"

तोंड दिसले. पाना मात्र घसरला. बोल्ट पुन्हा करावे लागले.

* * *

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना आम्ही चौघेही जात असू. एकदा सावंतांनी गर्दीतून वाट काढून मला अगदी पुढे बसवले. "लढ्यात बायका पुढे हव्यात!" हे त्यांनी मनापासून म्हटले. परतताना मी पिनेचा विषय काढला.

"वैनी, ह्यां पुरुषांचा काम!"

* * *

खंडेनवमीच्या सकाळी सावंतांनी ते चार बोल्ट बसवले, नट नुसते बोटांनी फिरवले, तोच पूजेची वेळ झाली. पाने, हातोड्या पाटावर मांडून हळदकुंकू वाहिले गेले.

"नट आवळायचे राहिलेत," मी म्हटले आणि पाना उचलू लागले.

"पूजेतल्या हत्याराला आज हात लावायचा नाही!" हे कडाडले.

दसऱ्याला सकाळी मी पुन्हा सांगितले. फटफटीला झेंडूचा हार घातला होता, हे वर बसले होते. "मुहूर्तावर अपशकुन करू नकोस."

लालबागच्या वळणावर इंजिन फ्रेममधून निसटले. यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

* * *

एक मे १९६०. राज्य मिळाले, चाळीत रोषणाई झाली. तिघे आमच्या खोलीत पेढे खात बसले असताना इतके महिने टाळलेला प्रश्न निघाला : चूक कुणाची? पेडणेकर म्हणाले, बोल्ट सावंतांनी बसवले, आवळायचेही त्यांनीच. सावंत म्हणाले, आवळणे फिटरचे काम. बराच वाद झाला. अखेर दोघांचे एकमत झाले.

"वैनींनी आठवण करूक व्हयी होती."

यांनी कुबडी भिंतीला टेकवली, दुसरा पेढा उचलला आणि म्हणाले, "मीही तेच म्हणतो."